भुंगेऱ्यापासून सिंहापर्यंत : नामिबियाच्या वाळवंटात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाताना

नामिबियाला निघालेले बहुतेक छायाचित्रकार घर सोडायच्या आधीच सिंहाचा फोटो मनात काढून बसलेले असतात. लाल वाळूचा उतार, त्यावरून चालत येणारा आयाळवाला नर, मागे कोरं निळं आकाश. असा फोटो मिळणं फार अवघड आहे, आणि त्याच्या मागे धावताना या वाळवंटात हमखास मिळणारं बरंच काही हातचं सुटतं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगते की सहलीची सुरुवात लहान जीवांपासून करा. आधी किनाऱ्यालगतच्या वाळूतले भुंगेरे, पाली आणि साप, मग एतोशा राष्ट्रीय उद्यानातले पाणवठे, आणि सर्वांत शेवटी कोरड्या नद्यांच्या पात्रातले सिंह. वाळूवरचा उजेड कॅमेऱ्याला कसा फसवतो, धूळ कुठे शिरते, किती खाली वाकावं लागतं हे सगळं भुंगेऱ्यासमोर शिकता येतं. तिथे चुकलं तर पुढच्या मिनिटाला पुन्हा प्रयत्न करता येतो. सिंह समोर आल्यावर ही सवलत नसते.

ताडोबा, पेंच किंवा गीर केलेल्यांना एक सवय बदलावी लागेल. आपल्याकडे जिप्सी, चालक आणि गाईड ठरलेले असतात, कुठे थांबायचं ते तेच सांगतात. एतोशात तुम्ही स्वतःची गाडी स्वतः चालवता. कुठे थांबायचं आणि किती वेळ थांबायचं हा निर्णय तुमचा.

१. महिना ठरवा

जून ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. रानातलं पाणी आटतं, प्राणी पाणवठ्यांवर येतात, गवत खुरटं असल्याने नजर लांब जाते. पहिल्या सहलीसाठी हाच काळ घ्या. जून-जुलैत पहाटे वाळवंटात कडाक्याची थंडी असते, तापमान शून्याच्या आसपास उतरतं. त्यामुळे कानटोपी आणि बोटं उघडी राहणारे हातमोजे हवेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऊन चढतं, धूळ वाढते, पण पाणवठ्यांवरची गर्दीही तेव्हाच सर्वांत जास्त असते. जानेवारी ते मार्च पावसाचे महिने. ढगांचं आकाश, हिरवळ आणि पक्षी सुंदर मिळतात, पण मोठे प्राणी विखुरलेले असतात.

२. कागदपत्रं

ही सगळी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाची छापील प्रत घ्या. मोबाईलवर विसंबू नका.

- परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला आणि कोरी पानं शिल्लक असलेला पासपोर्ट.
- व्हिसा. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी नामिबिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडे खात्री करा. जोहान्सबर्गमार्गे जाताना तिथे विमानतळाबाहेर पडणार असाल तर दक्षिण आफ्रिकेचाही व्हिसा लागेल.
- परतीचं तिकीट आणि मुक्कामांची आरक्षणं.
- पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड. नामिबियात हा आजार नाही, पण अनेकजण आदिस अबाबामार्गे जातात आणि इथिओपिया जोखमीच्या देशांच्या यादीत आहे. तिथे मुक्काम लांबला तर जातानाही विचारणा होऊ शकते आणि भारतात परततानाही. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि अशी केंद्रं मोजकीच आहेत. तारीख लवकर घ्या.
- आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. आरटीओकडे अर्ज करून मिळतो, वर्षभर चालतो. मूळ परवानाही सोबत ठेवा.
- प्रवास विमा.
- कॅमेरा आणि लेन्सची बिलं, सिरीयल नंबरांसह.

शेवटच्या ओळीकडे बरेचजण दुर्लक्ष करतात. भारतातून निघताना विमानतळावरच्या कस्टम्सच्या टेबलावर महागडी उपकरणं दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना हे सामान परदेशातून विकत आणलं का, असा प्रश्न आला तर तो कागद उत्तर देतो. उपकरणं बॅगेत टाकून बॅग काउंटरवर दिली की हे करता येत नाही, त्यामुळे अर्धा-पाऊण तास आधी पोचा.

एतोशा आणि उत्तरेकडचा भाग पावसाळ्यात मलेरियाचा आहे. गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना महिना सांगून विचारा.

पैशांचं सोपं आहे. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचं मूल्य सारखं ठेवलेलं असतं आणि नामिबियात रँड सर्रास चालतो. भारतात रँड मिळवणं सोपं पडतं. उलट नामिबियन डॉलर मात्र उरवू नका, देशाबाहेर ते कोणी घेत नाही.

३. कॅमेऱ्याची बॅग

दोन बॉडी न्या. दुसरी जुनी असली, मित्राची असली, भाड्याची असली तरी चालेल. वाळवंटात उघड्यावर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर वाळू ओढवून घेणं. एका बॉडीवर लांब पल्ल्याची झूम लेन्स कायम राहू द्या: १००–४००, १५०–६०० किंवा २००–५०० मिमी, यांपैकी जी हाताशी आहे ती. दुसऱ्या बॉडीवर किनाऱ्यावरच्या दिवसांत ९० किंवा १०० मिमीची मॅक्रो, आणि नंतर २४–७० किंवा त्यासारखी मध्यम झूम. बदलावीच लागली तर गाडीच्या काचा बंद करून, पंखा बंद करून, बॉडीचं तोंड खाली धरून बदला.

याशिवाय:

- बीन बॅग. रिकामी न्या, तिथल्या दुकानातून तांदूळ किंवा डाळ घेऊन भरा. गाडीच्या खिडकीवर ती ठेवून लांब लेन्स टेकवता येते, आणि जमिनीवर पालथं पडल्यावरही तीच कामाला येते. एतोशात दिवसा ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, कारण गाडीतून उतरायला परवानगी नाही.
- हलका ट्रायपॉड, फक्त रात्रीच्या पाणवठ्यासाठी.
- रबरी ब्लोअर. लेन्सवर वाळू दिसली की कापड फिरवू नका, ओरखडे पडतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कापड. तोंडाने फुंकर तर अजिबात नको.
- मोठ्या झिपवाल्या प्लॅस्टिक पिशव्या आणि एक जुनी उशीची खोळ. गाडी चालत असताना कॅमेरा खोळीत.
- जादा बॅटऱ्या. पहाटेच्या थंडीत त्या लवकर उतरतात, एक खिशात शरीराजवळ ठेवा. विमानात बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.
- गाडीच्या सॉकेटवर चालणारा चार्जर. भिंतीवरचा सॉकेट मोठ्या तीन गोल पिनांचा असतो, आपल्याकडे गीझरला असतो त्या धाटणीचा. घरातलं एक चांगलं एक्स्टेन्शन बोर्ड तसल्या प्लगसह नेलं की सगळ्यांची सोय होते.

ड्रोन घरी ठेवा. राष्ट्रीय उद्यानांत परवान्याशिवाय उडवता येत नाही आणि इतरत्रही नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी लागते. प्राणी त्याच्या आवाजाने बिथरतात, हे कारण तर परवान्याच्या आधी येतं.

४. गाडी

वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आहे, एवढीच गोष्ट आपल्याला सोयीची. मुख्य डांबरी रस्ते सोडले की बहुतेक रस्ते खडीचे आहेत, आणि नामिबियात पर्यटकांचे गंभीर अपघात बहुतेक या खडीवर होतात. रस्ता सरळ, रिकामा आणि रुंद दिसतो, पाय आपोआप दाबला जातो. एखादं वळण किंवा आडवा आलेला कुडू (मोठं हरीण) दिसल्यावर ब्रेक मारला की गाडी घसरते आणि उलटते. कायद्याची मर्यादा काहीही असो, खडीवर ताशी ८० च्या पुढे जाऊ नका. समोरून गाडी आली की तिची धूळ बसेपर्यंत वेग आणखी कमी करा.

उंच गाडी घ्या, शक्यतो फोर बाय फोर, आणि दोन स्टेपनी मागा. जॅक कुठे लागतो ते गाडी ताब्यात घेतानाच बघून ठेवा. विम्याचा कागद नीट वाचा. काच, टायर, गाडीचं तळ आणि दुसऱ्या वाहनाशिवाय झालेली उलटापालट बऱ्याचदा वगळलेली असते, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवली तर अनेक करारांत विमाच लागू होत नाही. म्हणून रोजचा मुक्काम सूर्यास्ताआधी गाठायचा असाच आराखडा करा. नकाशावरचे ३०० किलोमीटर म्हणजे इथे जवळजवळ पूर्ण दिवस. पंप दिसला की टाकी भरा, अर्धी भरलेली असली तरी भरा. माणशी पाच लिटर पाणी गाडीत नेहमी असू द्या.

खायच्या बाबतीत एवढंच. शाकाहारी माणसाला दुपारी वाटेत फारसं काही मिळत नाही, आणि पाणवठ्यावर रंगात आलेला खेळ सोडून जेवायला जावंसंही वाटत नाही. खाकरे, शेंगदाण्याची चटणी, चिक्की अशी सीलबंद पाकिटं खूप कामाला येतात.

५. स्वाकोपमुंड : पोटावर झोपायची तयारी ठेवा

स्वाकोपमुंड आणि वॉल्विस बे या किनाऱ्यावरच्या दोन गावांमध्ये सुमारे ३५ किलोमीटर अंतर आहे, आणि त्यांच्या मागे वाळूच्या डोंगरांचा पट्टा. बेंग्वेला हा थंड समुद्रप्रवाह किनाऱ्यालगत वाहतो. त्याच्यामुळे पाऊस जवळजवळ नाही, पण धुकं मात्र वारंवार आत शिरतं. इथले सगळे छोटे जीव या धुक्यावर जगतात.

या भागात स्वतःची गाडी वाळूत घालू नका. किनाऱ्यालगतच्या खडीच्या मैदानांवर दगडफूल वाढतं, डमारा टर्न हा छोटा सुरय पक्षी उघड्यावर अंडी घालतो, आणि चाकांचे ठसे तिथे कित्येक दशकं मिटत नाहीत. स्थानिक गाईडबरोबर सकाळची अर्ध्या दिवसाची फेरी घ्या. गाईडची नजर काय असते ते इथे कळतं. तुम्हाला सपाट वाळू दिसते, त्यांना तिच्यात दोन डोळे दिसतात.

ते दोन डोळे पेरिंगेज अॅडर या सापाचे. जेमतेम वीतभर लांबीचा विषारी साप, डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर. सगळं अंग वाळूत पुरून तो फक्त डोळे बाहेर ठेवतो, आणि शेपटीचं टोक अळीसारखं हलवून सरड्यांना जवळ बोलावतो. चालतो तो आपल्या फुरशासारखा, तिरका सरकत, आणि मागे वाळूवर समांतर तिरप्या रेघा सोडतो. फोटो दोन घ्या: एक फक्त डोळ्यांचा, एक त्या रेघांसह संपूर्ण सापाचा. लांब झूम वापरा, गाईड सांगेल त्या अंतराच्या आत जाऊ नका. मॅक्रो लेन्स पालीसाठी आणि भुंगेऱ्यांसाठी आहे, सापासाठी नाही.

धुकं असलेली पहाट मिळाली तर बाकी सगळं सोडा आणि उतारांच्या माथ्याकडे बघा. ओनिमॅक्रिस उंग्विक्युलारिस नावाचा काळा भुंगेरा थंडीत कुडकुडत माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करतो, मागचे पाय ताठ करतो आणि डोकं खाली झुकवून उभा राहतो. धुक्याचे कण त्याच्या पाठीवर साठतात, थेंब मोठा होतो, ओघळत तोंडाशी येतो आणि तो पितो. एका धुक्यात त्याचं वजन एक तृतीयांशाने वाढल्याची नोंद आहे. जगभर या कामाचं श्रेय बऱ्याचदा स्टेनोकारा नावाच्या दुसऱ्याच भुंगेऱ्याला दिलं जातं, तेव्हा फोटोखाली नाव लिहिताना गाईडला विचारून लिहा. या अभ्यासाचं घर म्हणजे कुइसेब नदीकाठचं गोबाबेब संशोधन केंद्र, १९६२ पासून चालू आहे.

हा फोटो काढताना कॅमेरा वाळूला टेकवा, भुंगेऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. उभं राहून काढलेला भुंगेरा काळा ठिपका दिसतो. अॅपर्चर एफ ८ ते एफ ११, शटर १/५०० च्या आसपास, आयएसओ लागेल तेवढा. फ्लॅश नको, धुक्यात तो पांढरे डाग उठवतो. काळा भुंगेरा फिकट वाळूवर असला की कॅमेरा वाळू बघून चित्र गडद करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ ठेवा आणि वाळूचे सर्वांत उजळ भाग पांढरेफटक होत नाहीत ना, ते हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) बघा. हीच पद्धत नंतर एतोशाच्या पांढऱ्या मातीवर वापरायची आहे. आणि दर दहा मिनिटांनी लेन्सची पुढची काच तपासा, समुद्री धुकं तिच्यावर खारट थर बसवतं.

नामाक्वा कमेलिऑन हा रंग बदलणारा सरडा सकाळी ऊब घेण्यासाठी काळपट असतो आणि ऊन वाढलं की फिकट राखाडी होतो. सकाळी सात आणि दहा, दोन्ही वेळा भेटला तर एकाच प्राण्याचे दोन वेगळे फोटो होतात. फावड्यासारख्या नाकाचा सरडा तापलेल्या वाळूवर एकावेळी दोन पाय उचलून नाचतो. त्याला १/१००० लागेल. सोनेरी चाकोळी ही कोळ्याची जात शत्रू आला की पाय दुमडून उतारावरून चाकासारखी गडगडत सुटते, पण हे बघायला मिळणं नशिबाचं आहे. गाईडला ते घडवून आणायला सांगू नका.

जाळीदार पायांच्या पालीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. हिची कातडी इतकी पातळ की आतले अवयव आरपार दिसतात. डोळ्यांना पापण्या नाहीत, म्हणून ती जिभेने डोळे पुसते, आणि तो क्षण सगळ्यांना हवा असतो. पण ती रात्री फिरणारी आहे. दिवसा काही गाईड तिला वाळूतून काढून दाखवतात. तसं झालं तर तिच्यावर टोपीची सावली धरा, चार-पाच फोटो घ्या आणि मिनिटभरात तिला परत वाळूत जाऊ द्या. गटात सात कॅमेरे असतील तर सातांनी एकाच वेळी काढा, ओळ लावू नका. ऊन तिला मारतं.

६. सोसुसव्लेई : प्राणी लहान ठेवा

इथे प्राणी कमी, भूमी अफाट. लांब लेन्सने ओरिक्स या लांब शिंगांच्या हरणाचं तोंड भरून काढण्यापेक्षा तो चौकटीच्या तळाशी बोटभर ठेवा आणि मागचा लाल डोंगर पूर्ण येऊ द्या. १००–२०० मिमी पुरे होतं. पहाटे डोंगराची एक बाजू उजेडात आणि एक काळोखात असते. ओरिक्स उजेडातल्या कडेवर आला की काढा.

सोसुसव्लेईला जायचं प्रवेशद्वार सेस्रिएमला आहे. तिथलं बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं. बाहेरच्या फाटकाच्या आत मुक्काम असेल तर एक तास आधी निघता येतं, आणि छायाचित्रकाराला तो एक तास हवाच. म्हणून सेस्रिएमच्या आतल्या कॅम्पवर जागा मिळते का ते सर्वांत आधी बघा आणि बाकी सहल त्याभोवती बांधा. शेवटचा सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता मऊ वाळूचा आहे. सवय नसेल तर तिथल्या शटल गाडीने जा.

७. एतोशा : पाणवठा सोडू नका

एतोशा १९०७ पासून संरक्षित आहे, क्षेत्रफळ २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर. मधोमध सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं खारं, पांढरं मैदान. त्याची धूळ सगळ्यावर बसते, त्यामुळे इथले हत्ती पांढरट दिसतात.

नवीन माणूस पहिल्या दिवशी सगळे पाणवठे पालथे घालतो. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबतो आणि संध्याकाळी सांगतो की फक्त झेब्रे दिसले. त्याऐवजी कॅम्पच्या दुकानात मिळणारा नकाशा घ्या, आदल्या दिवशीच्या नोंदवहीत लोकांनी काय लिहिलंय ते वाचा, एक पाणवठा निवडा आणि तिथे किमान तीन तास बसा. गाडी कशी लावता हे महत्त्वाचं आहे. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी, आणि खिडकी पाण्याच्या बाजूला. इथे एक गोष्ट आपल्या सवयीच्या उलट आहे: दक्षिण गोलार्धात हिवाळ्यातला दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, आणि मैदानाच्या कडेचे बरेच पाणवठे मुख्य रस्त्याच्या उत्तरेला आहेत. म्हणजे भर दुपारी उजेड तोंडावर येतो. तेव्हा फोटोपेक्षा निरीक्षण करा. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते आणि दूरचा प्राणी कितीही भारी लेन्सने काढला तरी पाण्यात बुडल्यासारखा अस्पष्ट येतो. दोष लेन्सचा नसतो.

बसलं की क्रम दिसायला लागतो. स्प्रिंगबॉक हरणं येतात, थबकतात, पितात. झेब्रे रांगेने येतात आणि पुढचा थांबला की सगळी रांग थांबते. जिराफ सर्वांत घाबरट, पाय फाकवून मान खाली घालायला त्याला दहा मिनिटं लागतात, आणि मान झटक्यात वर करतो तेव्हा ओठांवरून पाण्याची कमान उडते. ती हवी असेल तर १/१६०० आणि सलग फोटोंचा मोड तयार ठेवा. सगळी जनावरं एकदम मान वर करून एकाच दिशेला बघायला लागली की तुम्हीही तिकडे बघा. सिंह बहुतेक वेळा असाच सापडतो.

पाणवठ्याकडे जाता-येता रस्त्याच्या कडेला उंच, राखाडी मानेचा मोठा पक्षी रुबाबात चालताना दिसेल. तो कोरी बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा सख्खा नातेवाईक, दोघे एकाच कुळातल्या एकाच प्रजातीगटातले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक बघायला गेलेल्यांना तो आता तिथे जवळजवळ दिसत नाही हे ठाऊक आहे. इथे कोरी बस्टर्ड उघड्यावर, गाडीपासून हाकेच्या अंतरावर फिरतो. त्याच्यासाठी थांबा. सिंहाची बातमी वायरलेसवर येणार नाही, घाई कशाची करायची!

नियम थोडे आणि कडक आहेत. वेगमर्यादा ताशी ६०. कुंपण घातलेल्या विसाव्यांखेरीज गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून धड बाहेर काढायचं नाही. सूर्यास्ताआधी कॅम्पच्या फाटकाच्या आत. फाटकावर त्या आठवड्याची वेळ लिहिलेली असते, सकाळी निघताना तिचा फोटो काढून ठेवा.

रात्र ओकाउकुएजो कॅम्पवर काढा आणि जेवण लवकर उरका. कॅम्पच्या भिंतीलगतच पाणवठा आहे, रात्रभर मंद दिव्यांचा उजेड असतो. सूर्य पाण्यापलीकडे समोरच मावळतो, त्यामुळे संध्याकाळी जिराफ आणि हत्तींच्या काळ्या आकृत्या आणि पाण्यातली प्रतिबिंबं मिळतात. आकाशावर एक्स्पोजर लावा, प्राणी काळा होऊ द्या. अंधार पडल्यावर काळे गेंडे येतात. तुम्ही दगडी भिंतीमागे बाकावर बसलेले, आणि पलीकडे गेंडा पाणी ओढताना त्याचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता. ट्रायपॉड इथे लावा. आयएसओ ३२०० ते ६४००, अॅपर्चर पूर्ण उघडं, शटर १/१५ पासून १/६० पर्यंत. गेंडा पिताना बराच वेळ दगडासारखा उभा राहतो, तेव्हा क्लिक करा. दिवा पिवळट आहे, म्हणून रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, रंग नंतर सावरता येतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि फोकसचा लाल दिवा आधीच बंद करा, बीप बंद करा, मोबाईल खिशात ठेवा. तिथे बसलेला प्रत्येकजण त्या शांततेसाठी आलेला असतो.

पश्चिमेकडे ओलिफान्ट्सरस येथे पाणवठ्यावर बांधलेली दुमजली लपणजागा आहे. खालच्या मजल्यावरून हत्तीचे पाय पाण्याच्या पातळीवरून काढता येतात. वेळ असेल तर एक रात्र तिकडे द्या.

८. वाळवंटातले सिंह

वायव्येला कुनेने प्रांतात होआनिब, होआरुसिब, उगाब अशा कोरड्या नद्या आहेत. त्यांच्या पात्रांतून आणि स्केलेटन कोस्ट या ओसाड किनाऱ्यापर्यंत सिंह फिरतात. फ्लिप स्टँडर या संशोधकाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचा माग ठेवला आहे. त्यातल्या काही सिंहिणी किनाऱ्यावर उतरून सील आणि पाणकावळे मारायला शिकल्या. एका कळपाचा मुलूख इतका मोठा असतो की ठरवून तो भेटत नाही. भेटला तर मानेत रेडिओ कॉलर असण्याची शक्यता बरीच. फोटोत कॉलर आल्याने हिरमुसू नका आणि संगणकावर ती पुसूही नका. या सिंहांची कहाणी त्या कॉलरसकटच आहे.

इथे स्वतःची गाडी घेऊन नदीच्या पात्रात उतरू नका. स्थानिक गाईडबरोबर, तिथल्या कॅम्पमधूनच जा. ही जमीन गुराख्यांची आहे. १९९६ च्या कायद्यानंतर गावांनी स्वतःची संवर्धन क्षेत्रं केली आणि पर्यटनाचा पैसा त्यांच्याकडे यायला लागला. तरीही सिंहाने गुरं मारली की घाव त्याच घरावर बसतो आणि सिंह मारले जातात. तुमच्या गाडीने हुसकावलेला सिंह गुरांच्या वाड्याकडे जाऊ शकतो. म्हणून सिंह उठून चालायला लागला आणि त्याने दोनदा मागे वळून गाडीकडे पाहिलं, तर गाईडला थांबायला सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर बक्षिसीच्या आशेने काही गाईड पुढे जात राहतात.

फोटोपुरतं: अॅपर्चर एफ ६.३ ते ८, चालणाऱ्या सिंहाला १/८००, बसलेल्याला १/२५० पुरे. संध्याकाळी उन्हाच्या समोरून काढा, पायांनी उडालेली धूळ सोनेरी पेटते आणि आयाळीला कड येते. आणि फक्त सिंह काढू नका. त्याच्या भोवतीचे दगड, कोरडं पात्र, एकटं अॅनाचं झाड चौकटीत घ्या. जवळून काढलेला सिंहाचा चेहरा गीरचा की नामिबचा ते कोणाला सांगता येणार?

चित्त्याबद्दल अनेकजण विचारतात, कारण १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच. मोकळा चित्ता एतोशात दिसतो, क्वचित. ओचिवारोंगोजवळ चित्ता संवर्धन केंद्रात आणि काही खासगी शेतांवर कुंपणातले चित्ते जवळून काढता येतात. जरूर काढा, पण फोटोखाली तसं लिहा. स्पर्धेला पाठवताना तर हे न लिहिणं सरळ फसवणूक ठरते.

९. रोज रात्री, झोपायच्या आधी

कार्ड दोन ठिकाणी उतरवा आणि दोन्ही डिस्क वेगवेगळ्या बॅगेत ठेवा. बॉडी, बटणं, लेन्सची कडी ब्लोअरने झाडा. झूम फिरवताना करकर आवाज आला तर जोर लावू नका, आत वाळू आहे. ती लेन्स तशीच बंद ठेवून घरी आल्यावर सर्व्हिसला द्या. बीन बॅगेतले तांदूळ शेवटच्या दिवशी कॅम्पवरच्या स्वयंपाकघरात देऊन टाका.

फोटो टाकण्यापूर्वी एक काम न विसरता करायचं आहे. कॅमेऱ्यातलं किंवा मोबाईलमधलं जीपीएस बंद होतं का ते तपासा आणि गेंड्याच्या प्रत्येक फोटोतून स्थळाची नोंद काढून टाका. कुनेनेतले गेंडे कुंपणाबाहेर मोकळे फिरतात आणि शिकारी असे फोटो शोधत असतात. जागेचं नाव, नदीचं नाव, मागचा ओळखू येईल असा डोंगर, यातलं काहीही नको. "नामिबिया" एवढं लिहिलं तरी भागतं.